सोवळ्यातली वाईन

घरी फळांची वाईन करतो म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं ते मला आता पाठ झालंय. लाकडी पिंपं, टोपलीभर टपोरी फळं आणि कुणीतरी घोट्यापर्यंत द्राक्षांत उभं. प्रत्यक्षात या उद्योगातला निम्म्याहून जास्त वेळ सिंकपाशी जातो. बादली घासा, नळी धुवा, गाळायचं फडकं उकळा, बूच उकळा, लांब दांड्याचा चमचा जंतुनाशकात बुडवा आणि हे सगळं ज्या ओट्यावर ठेवायचं तो ओटा पुसा. एवढं झाल्यावर नाक खाजवलंत, तर हात पुन्हा धुवा.

आमच्या आजीचं सोवळं याच्यापुढे सैल म्हणायचं. ती कैरीचं लोणचं घालायची त्या दिवशी घरात संचारबंदी असायची. फोडी पुसून कोरड्या, पळी कोरडी, हात कोरडे आणि आम्ही पोरं माजघराच्या उंबऱ्यापलीकडे. निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर चिनीमातीची बरणी पालथी धरायची, धूर आत कोंडला की लगेच लोणचं भरायचं आणि तोंडावर दादरा, म्हणजे स्वच्छ फडकं, घट्ट बांधायचा. तेव्हा मला हे सगळं देवाधर्माच्या खात्यातलं वाटायचं. आता बर्मिंगहॅममधल्या आमच्या स्वयंपाकघरात मी कोपरापर्यंत हात धुऊन बादलीसमोर उभा असतो, आणि बायको कसला तरी डबा शोधत आत आली की ओरडतो, "शिवू नकोस!"

हिंगाच्या धुरीचं तर मला फारच नवल वाटतं. युरोपात वाईनच्या पिंपांना गंधक जाळून धुरी द्यायची पद्धत कित्येक शतकांची. हल्ली घरगुती वाईनवाल्यांसाठी तेच काम एक छोटी पांढरी गोळी करते, तिचं नाव कॅम्पडेन. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर ग्लॉस्टरशरमध्ये चिपिंग कॅम्पडेन नावाचं टुमदार गाव आहे. तिथल्या फळं टिकवण्याच्या संशोधन केंद्रात 1920 च्या दशकात ही युक्ती निघाली, म्हणून गोळीला गावाचं नाव. फळांच्या आंबट रसात ती विरघळली की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि फळांबरोबर आलेली रानटी जंतुसेना गार होते. हिंगाचा तो उग्र दर्पही गंधकाच्याच संयुगांचा. आजीला हे कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं मग? आता बाजूला हो."

सुरुवात कुठल्या फळापासून करावी? माझं मत विचाराल तर जे फुकट आणि भरपूर मिळतं त्यापासून. इथे ते फळ म्हणजे ब्लॅकबेरी. बर्मिंगहॅमभर कालव्यांचं जाळं आहे आणि कालव्याकाठच्या पायवाटांवर ऑगस्ट-सप्टेंबरात काटेरी झुडपं या काळ्या फळांनी लगडलेली असतात. इंग्रज माणूस एरवी दुसऱ्याच्या कुंपणाला हात लावणार नाही, पण या दिवसांत डबे घेऊन निघतो. तोडायचेही नियम आहेत. नुसतं बोट लावल्यावर जे हातात येतं तेच घ्यायचं, ओढावं लागतं ते राहू द्यायचं. गुडघ्याच्या खालचं तोडायचं नाही, कारण त्या उंचीपर्यंत कुत्र्यांचा अंमल असतो. आणि 29 सप्टेंबरनंतर, म्हणजे मायकलमस हा ख्रिस्ती सण होऊन गेल्यावर, एकही फळ घ्यायचं नाही. त्या दिवशी स्वर्गातून ढकललेला सैतान काटेरी झुडपात पडला आणि तेव्हापासून दरवर्षी तो फळांवर थुंकतो, अशी जुनी समजूत आहे. ओल्या थंडीत फळांवर बुरशी धरते हे तिचं दुसरं कारण. सोवळ्याच्या नियमांचं जगभर असंच असतं, कारण खरं असतं आणि सांगताना सैतान पुढे करायचा.

एका वेळी दोन किलो फळं मिळत नाहीत. मिळतील तशी धुऊन फ्रीझरमध्ये साठवायची. गोठल्यावर फळांच्या पेशी फुटतात, त्यामुळे पुढे रसही चांगला सुटतो. दोन किलो जमली की मुहूर्त. फळं बादलीत कुस्करायची, वर किलोभर साखर आणि उकळतं पाणी. थंड झाल्यावर एक कॅम्पडेनची गोळी चुरून टाकायची, झाकण लावायचं आणि चोवीस तास लांब राहायचं. मग पेक्टोलेज नावाचं विकर घालायचं, नाहीतर फळातल्या पेक्टिनमुळे वाईन कायमची गढूळ राहते. जॅमला जे हवं असतं तेच वाईनला नको असतं. त्यानंतर लिंबाचा रस, यीस्टला थोडं खाद्य आणि शेवटी वाईनच्या यीस्टची पुडी. पावाचं यीस्ट चालतं का, असं सगळे विचारतात. चालतं, पण वाईनला पावाची चव येते आणि गाळ नीट खाली बसत नाही. पुडी काही महाग नसते, इथे काटकसर करू नये.

साखर घालावी लागते याचं पुष्कळांना वाईट वाटतं, भेसळ केल्यासारखं. वाईनच्या द्राक्षात वीस टक्क्यांहून जास्त साखर असते, त्याला कुणाची मदत लागत नाही. ब्लॅकबेरीत त्याच्या पाव हिस्सासुद्धा धड नसते. हिशेब सोपा आहे. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल बनतं. साडेचार लिटरची बारा टक्क्यांची वाईन हवी असेल तर नऊशेच्या वर ग्रॅम साखर कुठून तरी यायलाच हवी. हायड्रोमीटर नावाची काचेची कांडी रसात सोडली की ती तरंगून हे सगळं सांगते. साध्या पाण्यात ती 1.000 दाखवते, रसात सुरुवातीला 1.085 च्या आसपास, आणि साखर संपली की पाण्याच्याही खाली, 0.995 वगैरे. हाताने अंदाज घेणाऱ्या पंथातला मी माणूस, पण या कांडीपुढे मी नमतं घेतो.

बादलीत चार-पाच दिवस फेस, रोज एकदा ढवळणं, मग फडक्यातून गाळून रस डेमीजॉनमध्ये. डेमीजॉन म्हणजे अरुंद गळ्याची, गळ्याशी बोट अडकवण्यापुरती कडी असलेली एक गॅलनची काचेची बरणी. 1970 च्या दशकात इथे घरोघरी वाईन आणि बिअर करायचं वेड पसरलं होतं. ती पिढी आता माळे रिकामे करते आहे, त्यामुळे धर्मादाय दुकानांत या बरण्या किरकोळीत मिळतात. माझ्या बरण्या शेजारच्या आजोबांनी दिल्या. देताना इतकंच म्हणाले, "यातली एकही परत आणू नकोस."

बरणीच्या तोंडाला बूच आणि बुचातून वर निघालेला एअरलॉक, म्हणजे थोडं पाणी भरलेली वेडीवाकडी नळी. आतला वायू पाण्यातून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरचं काही आत जात नाही. दादऱ्याचं काम, पण हा दादरा बोलतो. आमच्या घरी गरम पाण्याच्या टाकीशेजारी कपडे सुकवायचं एक छोटं कपाट आहे. या देशातल्या तमाम मराठी बायकांनी इडलीच्या पिठासाठी ते केव्हाच ताब्यात घेतलंय. वाईनलाही तीच ऊब लागते, वीस-बावीस अंश. आई कराडहून आली होती तेव्हा तिने पिठाचं पातेलं ठेवायला कपाट उघडलं आणि आतून आवाज आला, गुडुप.

"अरे, हे काय आहे?"

"वाईन. ब्लॅकबेरीची."

आई दोन मिनिटं बघत राहिली. नळीतलं पाणी एका बाजूला चढायचं, टोकाला यायचं, एक बुडबुडा सुटायचा आणि पाणी परत खाली. तळाशी करडा-जांभळा थर, वर रंग असा की नवी पैठणी. तिचा पहिला प्रश्न दारूबद्दल असेल अशी माझी तयारी होती. तिने विचारलं, "माझ्या पिठाला याचा वास लागणार नाही ना?" मी म्हटलं, तुझ्या पिठातले जंतू माझ्या वाईनला लागायची मला धास्ती आहे. शेवटी पातेलं खालच्या फळीवर, बरणी वरच्या, मध्ये जुना टॉवेल.

दारूचा प्रश्न रात्री जेवताना आलाच. घरी केलेल्या दारूने माणसं मरतात ना? भीती अनाठायी नाही. 2015 साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. पण तिथे मारेकरी होतं मिथेनॉल, कारखान्यात वापरायचं. फळं आंबवून ते बनतं ते नावापुरतं. घरी ऊर्ध्वपातनाच्या, भट्टी लावण्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. ते इथेही परवान्याशिवाय गुन्हा आहे. वाईन स्वतःपुरती केली तर ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही, विकली तर लागतो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून जागा आहे, तिथे परवान्याशिवाय घरी करणं कायद्यात बसत नाही. म्हणून कराडच्या चुलतभावाने कृती मागितली तेव्हा त्याला मी जांभळाच्या सरबताची पाठवली.

कायद्याचं जाऊ द्या, आपल्या मनातलाच गोंधळ मोठा आहे. 2022 च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू द्यायचा निर्णय झाला आणि वाईन म्हणजे दारू की नाही यावर महाराष्ट्र हमरीतुमरीवर आला. त्याच महाराष्ट्रात घराघरांत, एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या आज्यांच्या कपाटात, द्राक्षासवाची बाटली असायची. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून. ते करतात कसं? मनुका, गूळ किंवा साखर, मसाले आणि धायटीची फुलं घालून बंद भांड्यात संधान लावायचं, म्हणजे आंबवायचं. त्या फुलांवरचं यीस्ट बाकीचं बघून घेतं. स्वयंजनित मद्यार्क, म्हणजे आपसूक तयार झालेलं अल्कोहोल, किती, तेही बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आमच्या आजीला भूक लागावी म्हणून हे घ्यायला सांगितलं होतं. तिचा आवाज त्यानंतर जरा मोकळा व्हायचा, एवढंच आठवतं.

आईला हे पटलं का ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून कपाटाचा कारभार तिने हातात घेतला. सकाळी चहाच्या आधी दार उघडून बुडबुडे मोजायची आणि मला जाहीर करायची, "आज मंदावलंय." स्वयंपाकघरात एक चिलट दिसलं की फडकं घेऊन मागे लागायची. त्यात तथ्य आहे. पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या त्या चिलटांच्या अंगाखांद्यावर व्हिनेगर करणारे जंतू असतात. एखादं आत पडलं आणि हवा मिळाली की साडेचार लिटर शिरका तयार. तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्समध्ये हीच रड होती, वाईन नासायची. 1863 साली त्याने लुई पाश्चरला कारण शोधायला सांगितलं, पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली एकेका रोगाचे जंतू पाहिले, वाईन बेताने तापवून ते मारायची रीत काढली आणि 1866 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. दुधाच्या पिशवीवर आपण जे 'पाश्चराइज्ड' वाचतो, ते मुळात वाईनसाठी निघालेलं आहे. दुधाला पुढे लागू झालं. ही माहिती दारूच्या नावाने नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना मी आवर्जून चहाबरोबर देतो.

पुढचे महिने सांगण्यासारखं काही घडत नाही. गाळ बसला की नळीने वरची नितळ वाईन दुसऱ्या बरणीत ओढायची, पुन्हा बसला की पुन्हा. उन्हाळ्याच्या आधी बाटल्या भरायच्या आणि निदान फळं परत येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं, बाटलीचं आणि आपलंही. सहा महिन्यांची वाईन घशाला खरवडते. वर्षाची झाली की त्याच बाटलीतून गुलाबासारखा, थोडा ओल्या पानांचा वास येतो आणि आंबटपणा जागेवर बसतो. ती गोड मात्र नसते, सगळी साखर यीस्टने खाल्लेली असते. आपल्याकडच्या मंडळींना फळांची म्हटल्यावर सरबत अपेक्षित असतं. पहिल्या घोटाला चेहरे पडतात. थालीपीठ आणि लोण्याबरोबर द्या, मग बघा.

जाणकार सांगतात की पहिली बरणी वर्षभर टिकवायची असेल तर दुसरी लगेच लावावी, म्हणजे हात शिवशिवत नाहीत. माझ्या डोक्यात हापूस आहे. इंडियन दुकानात रसाचे डबे मिळतात, साखर आधीच असते, फक्त पेक्टिन जास्त म्हणून पेक्टोलेज दुप्पट घालावं लागेल. आईला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ब्लॅकबेरीचं काय करायचं ते कर. हापूसला हात लावलास तर बघ." बायकोही तिच्याच बाजूची आहे. डबा सध्या कपाटात आहे आणि घरातली मतं दोनास एक.