दुसरा फटका

रात्री साडेअकराला मोबाइलवर एक उत्तर लिहून तयार होतं. प्रार्थनेच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'काही जणांना देवापेक्षा स्वतःचाच आवाज जास्त आवडतो.' नाव नव्हतं. असल्या वाक्यांना नाव लागत नाही. माझं उत्तर मी तीनदा घासूनपुसून घेतलं होतं. त्यात बायबलमधली दोन वचनं होती आणि शेवटी 'देव आपल्याला सद्बुद्धी देवो'. शिवी द्यायची छाती नसली की माणूस आशीर्वाद देतो.

अंगठा बाणावर टेकणार, एवढ्यात मोशे आठवला.

इस्राएली लोकांना गुलामगिरीतून काढून देवानं कबूल केलेल्या देशाकडे नेणारा, बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 20व्या अध्यायातला. बहीण मिर्याम नुकतीच गेलेली, रानात पाणी नाही आणि लोक भांडायला उठलेले. देव सांगतो, काठी घे आणि खडकाशी बोल. मोशे काठी घेतो, पण बोलतो लोकांशी. 'बंडखोरांनो, तुमच्यासाठी आम्ही या खडकातून पाणी काढायचं काय?' असं विचारून खडकावर काठी दोनदा मारतो.

ते 'दोनदा' माझ्या डोक्यातून जात नाही. पूर्वी एकदा देवानंच त्याला खडकावर काठी मारायला सांगितलं होतं. तेव्हा पहिला फटका हाताच्या सवयीचा म्हणून सोडून देऊ. दुसरा मात्र रागाचाच, असं आपलं मला वाटतं. आणि 'आम्ही' हा शब्द! देवाच्या कामात हा शब्द कधी शिरतो, ते आपल्याला कळतही नाही.

गंमत म्हणजे पाणी आलं. भरपूर आलं, माणसं प्याली, गुरं प्याली. तहानलेल्याला काय, पाणी बोलून आलं की बडवून, सारखंच. पण देव मोशेला म्हणाला, या लोकांसमोर तू माझं पावित्र्य राखलं नाहीस. आता त्यांना मी कबूल केलेल्या देशात तू नेणार नाहीस. इतकी वर्षं लोकांची कटकट सोसलेल्या म्हाताऱ्याला एवढी शिक्षा का, हा प्रश्न मला अजून टोचतो. पण लोकांनी देवाचं तोंड पाहायचं त्या वेळी त्यांना मोशेचं लालबुंद तोंड दिसलं, एवढं खरं.

माझ्या त्या उत्तरात कुणाचं तोंड होतं?

बरं, नुसता राग असता तरी एक वेळ चाललं असतं. ते उत्तर मी ग्रुपवर लिहिणाऱ्याला एकट्याला सहज पाठवू शकलो असतो. मला ग्रुपच हवा होता. सकाळी किती जण हात जोडतील, कोण वेगळा मेसेज करून 'बरं झालं बोललात' म्हणेल, हा हिशेब मी आधीच करून बसलो होतो. इथे बायबलमधला इस्राएलचा शौल राजा आठवतो. शत्रू असलेल्या अमालेकी लोकांची गुरंढोरंही जिवंत ठेवू नकोस असं देवानं सांगितलेलं असताना त्यानं चांगली चांगली ठेवून घेतली. शमुवेल संदेष्ट्यानं विचारलं, मग ही मेंढरांची बें बें कसली ऐकू येतेय? शौल म्हणाला, ती देवाला अर्पण करण्यासाठी! पुढे कबूल केलं की लोकांना भ्यालो. आणि कबुली देऊन होत नाही तोच विनवणी, आता वडीलधाऱ्यांसमोर माझा मान तेवढा राखा. पश्चात्तापातही याचं एक लक्ष लोकांकडे. हसू येतं, आणि मग हसू जातं, कारण माझी दोन वचनंही तशीच, देवाच्या नावावर राखून ठेवलेली मेंढरं.

शेवटी ते उत्तर मी पुसलं. एकेक अक्षर मागे मागे जाताना पाहिलं. 'सद्बुद्धी' जायला जरा जास्तच वेळ लागला. मोबाइल उपडा ठेवला. फार हलकं वाटलं. इतकं हलकं, की झोपलेल्या बायकोला हलवून सांगितलं, 'त्याला काय झणझणीत लिहिलं होतं म्हणून सांगू! पण नाही पाठवलं. म्हटलं, देवाचा मान मोठा.'

तिनं एक डोळा उघडला. 'बरं. मग मला कशाला उठवलंस?'