तुलांबेन: दहाच्या आधी आणि दहानंतर

बालीतल्या देवळांवर आणि भातखाचरांवर पुष्कळांनी लिहिलं आहे, ते मी सोडून देते. तुलांबेनला लोक एका बुडालेल्या जहाजासाठी जातात, पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली ते बघायला, म्हणजे स्कूबा डाइव्ह करायला. मीही त्यासाठीच गेले.

गाव बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, अगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याशी. किनाऱ्यावर वाळू जवळजवळ नाहीच, सगळे गोल काळे दगड. जाड तळव्याचे बूट घालूनही पाऊल टाकताना घोटा मुरगळेल अशी धास्ती. त्याच दगडांवरून गावातल्या बायका डोक्यावर हवेचं सिलिंडर घेऊन चालत होत्या. भरलेलं सिलिंडर पंधरा किलोच्या वर भरतं. एकीच्या डोक्यावर तर दोन होती आणि पायात साध्या चपला. मी वाट द्यायला बाजूला सरकले तर माझाच तोल गेला. ती थांबलीसुद्धा नाही.

'लिबर्टी' हे अमेरिकी लष्कराचं मालवाहू जहाज. 11 जानेवारी 1942 रोजी लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. सिंगाराजा बंदराकडे ओढत नेताना पाणी भरत गेलं, म्हणून ते इथे किनाऱ्याला लावलं. मग एकवीस वर्षं ते तिथेच पडून होतं. 1963 मध्ये अगुंगचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज समुद्रात सरकलं. आज त्याचा वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर आहे, खालचा तिसाच्या आसपास. बोट लागत नाही, दगडांवरून पाण्यात शिरायचं आणि थोडं पोहायचं. नवशिक्यांसाठी अगदी सोयीचं! पण त्याच उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली. हे आदल्या रात्री वाचलं होतं, त्यामुळे 'सोयीचं' म्हणताना जीभ अडखळते.

उजाडायच्या आधीच आम्ही पाण्यात शिरलो. हा गाइडचा आग्रह. मी कुरकुरले होते, कारण पहाटे पाण्यात उतरायची हौस मला नाही. पाणी मात्र कोमट होतं. टॉर्चच्या झोतात आधी लोखंडी फासळ्या दिसल्या. त्यांच्यावरचा करडा वाटणारा स्पंज उजेड पडताच लालभडक झाला. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो हे प्रशिक्षणात शिकले होते, पण असं डोळ्यांसमोर घडताना पाहून मी टॉर्च उगाच चालू-बंद करत बसले.

मग गाइडने माझा दंड धरला. समोर, वाकलेल्या पत्र्यांच्या आडोशाला, बंपहेड पॅरटफिश झोपले होते. हा मासा मीटरभराहून मोठा होतो, आणि कपाळावर असं टेंगूळ की भिंतीवर आपटून आल्यासारखा वाटावा. रात्री हा थवा जहाजात मुक्कामाला असतो. आम्ही टॉर्च खाली वळवले आणि थांबलो. वरून निळसर उजेड झिरपायला लागला तसा एकेक मासा हलला. एकाने प्रवाळाचा लचका तोडला. कडाड! तो आवाज पाण्यात स्वच्छ ऐकू येतो. मागोमाग दुसरा, तिसरा. चावलेला चुना मागून बारीक वाळू होऊन धुरासारखा पडत होता. थोड्या वेळाने सगळा थवा आमच्या डोक्यावरून, अजिबात घाई न करता, खोल पाण्याकडे निघून गेला. मी श्वास रोखून धरला होता. स्कूबात नेमकं हेच करायचं नसतं. गाइडने बोट हलवून दटावलं.

इथवरच थांबायला हवं होतं. पण पैसे दोन डाइव्हचे भरलेले.

दहाच्या सुमाराला दक्षिणेकडच्या हॉटेलांतून गाड्या भरभरून लोक आले. जहाज फुटून उघडं पडलेलं, आरपार उजेड येणारं, तरी त्या कमानींतून जायला अक्षरशः रांग. कुणाच्या पायातले फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंखे, तळाला घासून गाळ उठत होता. एक गृहस्थ कॅमेऱ्याची काठी सांभाळत प्रवाळावर गुडघा टेकून बसले होते, आणि त्यांचा गाइड त्यांचाच फोटो काढत होता. माझ्या मास्कवर कुणाची तरी लाथ बसली. पाणी शिरलं, ते काढलं, तोवर दुसरी लाथ.

निम्म्याहून जास्त हवा शिल्लक होती. मी गाइडला अंगठा दाखवला: वर चल.