टेस्टरचे आठही दिवे लागले, तरी गाणं तुटत होतं

बाबांनी रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटींपैकी ६० कॅसेटी आता सर्व्हरवर चढल्या आहेत, सगळ्या २४ बिट ९६ किलोहर्ट्झ फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता दाबलेल्या फाइलींत. सर्व्हर माडीवर, जुन्या लॅपटॉपवर लिरियन हे घरभर गाणी पाठवणारं सॉफ्टवेअर चालतं. खाली हॉलमध्ये बाबांच्या खुर्चीशेजारी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसता 'पाय'), त्यावर ती गाणी वाजवणारं स्क्वीझलाइट, पुढे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारा यूएसबी डॅक आणि त्यांचा तीस वर्षांचा अॅम्प्लिफायर. आमचं सांगलीतलं घर जुन्या बांधणीचं, भिंती हातभर जाड, त्यामुळे वायफायचा नाद मी सोडून दिला होता. गेल्या महिन्यात वायरमनकडून माडी ते हॉल लॅनची केबल ओढून घेतली, साधारण २५ मीटर. केबल मी स्वतः आणली. टोक सोलून तार खरवडून पाहिली, आतपर्यंत तांबंच होतं. वर नुसता मुलामा असलेली अॅल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास मिळते, म्हणून एवढी खात्री करून घेतोच.

तरी गाणं तुटायला लागलं.

शुक्रवार, संध्याकाळ
मारव्याचा विलंबित ख्याल लावला होता. दहाव्या मिनिटाला शांतता, चार सेकंदांनी पुन्हा सूर. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं. ते बघणं फार लागलं. या कॅसेटींसाठी त्यांनी रात्र-रात्र रेडिओशेजारी बसून काढली आहे.

पायवर इथटूल चालवलं, हा लॅन जोडणीचा वेग आणि एरर दाखवणारा प्रोग्राम. लिंक आहे, पण १०० मेगाबिटवर. दोन्ही टोकांना गिगाबिट असताना १०० का? खरं तर गाण्याला १०० भरपूर झालं. हे रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये न दाबता पाठवलं तरी सेकंदाला ४.६ मेगाबिट लागतात. म्हणजे वेग कमी पडत नव्हता, वाटेत काहीतरी गळत होतं. आकडेवारीत सीआरसी एरर डोळ्यांदेखत वाढत होते. सीआरसी एरर म्हणजे फ्रेम, डेटाचं एक पाकीट, पोचली, पण मोडून पोचली. सेटिंग, आयपी पत्ता, राउटर यांच्यात डोकं घालायचं कारणच उरलं नाही. तुम्हालाही हाच सल्ला देईन: राउटर रीसेट करण्याआधी हा एक आकडा बघा.

शनिवार
पाय उचलून माडीवर नेला आणि दोन मीटरच्या तयार पॅच कॉर्डने (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल) नेटवर्क स्विचच्या, म्हणजे लॅनच्या केबली जिथे जमतात त्या डब्याच्या, त्याच पोर्टला लावला. लगेच लिंक १००० वर, वेग मोजणाऱ्या आयपर्फवर ९४१ मेगाबिट, एरर शून्य. पाय, त्याचा अडॅप्टर, स्विच, तिघेही सुटले. उरली भिंतीतली केबल.

वायरमनला बोलावलं. माणूस भला, हाक मारली की येतो. त्याने दोन्ही टोकांना टेस्टर लावला, केबलमधल्या आठ तारांपैकी प्रत्येकीसाठी त्यावर एक दिवा असतो. एक, दोन, तीन करत आठही हिरवे दिवे ओळीने लागले. "बघा साहेब, आठच्या आठ लागल्यात. तुमच्या मशिनचंच काहीतरी असणार." मीही क्षणभर गप्प झालो, कारण दिवे खरंच लागले होते.

दुपारी बोअरची मोटर सुरू झाली आणि एररचा आकडा सुसाट धावला. मोटर बंद केली, आकडा हळू झाला. मोटरची वायर आणि लॅन जिन्यापाशी काही मीटर शेजारून गेल्या आहेत. पण लॅन केबलमधल्या आठ तारा दोन-दोनच्या जोड्यांनी पिळलेल्या असतात, आणि धड पिळलेल्या जोडीला एवढ्याने इतका त्रास होऊ नये.

रविवार, सकाळ
आज एक वेगळा प्रयोग केला, तो सविस्तर लिहितो. इथटूलने पायला फक्त १० मेगाबिट जाहीर करायला लावलं. वेग जबरदस्तीने बांधून ऑटो निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं) बंद करू नका. तसं केलं की समोरचा स्विच हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरतो आणि आपण फुल (दोन्ही दिशांनी एकदम), मग नवेच एरर सुरू होतात. जाहिरात १० ची ठेवा, बोलणी दोघांना आपसात करू द्या.

१० वर गाणं अखंड वाजलं. मोटर चालू असतानाही. ४.६ मेगाबिट १० मध्ये आरामात मावतात, बाबा खूश. पण माझ्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. तार तुटलेली असती, तर १० लाही त्रास झाला असता. तारा जोडलेल्या आहेत, तरी वेग वाढला की सिग्नल खराब होतो, याचा अर्थ जोड्या चुकल्या.

हॉलमधली फेसप्लेट उघडली. मागे केबलच्या टोकाला क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवलेला प्लग होता. तो खिडकीशी धरून, क्लिप खाली करून डावीकडून रंग वाचले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटकं! माडीवरचा प्लगही हुबेहूब तसाच. दोन्हीकडे एकच क्रम, म्हणून टेस्टरचे दिवे बिनचूक लागत होते. पहिली तार पहिल्याला, आठवी आठवीला. त्याला एवढंच कळतं. मल्टीमीटरलाही यापेक्षा जास्त कळलं नसतं.

घोटाळा असा आहे. प्लगच्या आठ पिना शेजारच्या शेजारी जोड्यांनी लागत नाहीत. १-२ ही एक जोडी, पण दुसरी जोडी ३-६. मधल्या ४-५ वर टेलिफोनच्या जोडीची जागा असल्याने ३ आणि ६ तिच्या दोन बाजूंना जातात. आमच्याकडे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा आला होता, म्हणजे दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारांना जोडीदार करून टाकलं. पिळाचं काम काय? दोन्ही तारांतून एकच सिग्नल सुलटा आणि उलटा जातो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच बसतो, आणि पलीकडे दोघींची वजाबाकी झाली की तो निघून जातो. तारा एकमेकींना पिळलेल्याच नसतील तर गोंगाट सारखा बसत नाही, वजाबाकीनंतरही उरतो. मोटरचा आवाज तिथून शिरत होता, शेजारच्या जोडीचाही. दोन मीटरवर हे निभावून गेलं असतं, २५ मीटरवर नाही.

रविवार, दुपार
दोन्ही प्लग कापले. भिंतीतली केबल एकसंध तारेची असल्याने प्लगऐवजी दोन्हीकडे कीस्टोन जॅक (फेसप्लेटमध्ये बसणारं लॅनचं सॉकेट) बसवले, आणि पुढे तयार पॅच कॉर्ड. जॅकवर ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात. मी दोन्हीकडे बी धरला. तो प्लगच्या भाषेत असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिल्या जॅकला अर्धा तास गेला. पांढऱ्या-निळ्या तारेवरची निळी रेघ इतकी फिकट की ट्यूबलाइटखाली ती नुसती पांढरीच दिसते. बॅटरी जवळ धरून, तार बोटात फिरवत खात्री केली. पीळ अगदी जॅकच्या तोंडापर्यंत ठेवला, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू दिला नाही. मग पंचिंग टूलने एकेक तार टक्कन बसवली.

पाय लावला. १०००. आयपर्फ दोन्ही दिशांना चालवलं, ९४१ आणि ९४०. वायरमनला फोन करून रंगक्रम सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "टेलिफोनवाल्यांकडं शिकलो साहेब, तिथं असंच लावायचो, कधी तक्रार आली न्हाई." पटण्यासारखं आहे. टेलिफोनला एवढं चालून जातं. त्याला प्लगचा फोटो आणि बी क्रमाचा कागद पाठवला.

रात्री बोअरची मोटर मुद्दाम सुरू करून ठेवली आणि मारवा पहिल्यापासून लावला. ४२ मिनिटं. एरर शून्यावरून हलले नाहीत. बाबांनी मधेच हात वर करून मला गप्प केलं, कारण मी आकडे मोठ्याने वाचत होतो.

माडीवरच्या मागच्या खोलीतला पॉइंटही त्याच वायरमनने, त्याच दिवशी काढला आहे. तिथे अजून काही लावलेलं नाही. पुढच्या रविवारी ती प्लेट उघडतो. मोटरची वायरही वेगळ्या पाइपमधून न्यायची आहे, तो खर्च दिवाळीनंतर.