एसटीचा संप, डबे आणि अठरा कट्टे ज्वारी

नांदेडच्या बसस्टँडवर सकाळी नऊ-साडेनऊला कधी उभे राहिला असाल तर हे पाहिलं असेलच. मुखेडची गाडी लागते, देगलूरची लागते, कंधारची लागते, आणि पॅसेंजर उतरायच्या आधीच गावाकडून शिकायला आलेली पाच-सात पोरं ड्रायव्हरच्या खिडकीखाली गोळा. बॉनेटजवळ डब्यांचा ढीग, प्रत्येक डब्याला फडकं बांधलेलं, झाकणावर ऑइलपेंटनं नाव आणि गाव. आपला डबा उचलायचा, कालचा रिकामा ठेवायचा आणि रूमवर. मी तीन वर्षं असाच जेवलो. माझ्या डब्यावर काकाचं नाव होतं कारण डबा काकाच्या लग्नातल्या आहेराचा, त्यामुळं एक ड्रायव्हरमामा मला शेवटपर्यंत काकाच्याच नावानं हाक मारायचे, मीही कधी दुरुस्त केलं नाही.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते. पण हिशोब साधा आहे, मेसला रोख पैसे लागतात आणि डब्याला लागत नाहीत. घरात ज्वारी असते, माय पहाटे चारला उठून भाकरी थापते, शेंगदाण्याची चटणी, कधी पिठलं, सात वाजता फाट्यावर कुणीतरी डबा गाडीत देतं, झालं.

तर ही गोष्ट २०२१ ची. कोरोनानंतर कॉलेजं २० ऑक्टोबरला उघडली, आम्ही सगळे गाठोडी घेऊन परत नांदेडला, आणि आठ-दहा दिवसांत एसटीचा संप. दिवाळीपर्यंत आगारंच्या आगारं बंद. त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरच्या शेवटी, गुलाब चक्रीवादळाचा पाऊस आमच्याकडं असा पडला होता की सोयाबीन उभ्या शेतात पाण्यात, शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले, ज्वारी काळी पडलेली. म्हणजे दिवाळीला जो काही रोख पैसा घरात येतो तोच गेला. डबा बंद आणि मेसला द्यायला पैसे नाहीत, दोन्ही एकदमच. काळीपिवळीवाले डबा न्यायला तयार होते पण एका डब्याचे वीस-तीस रुपये मागायचे, रोजचे तीस म्हणजे महिन्याचे नऊशे, मग त्यात अर्धी मेस होते की.

पोरं काय करायलेत हे आधी कळलंच नाही. कळलं ते असं की आमच्या बाजूच्या रूममधला एकजण, नाव लिहित नाही, रोज दुपारी 'पोट बिघडलंय रे' म्हणायचा. पंधरा दिवस कुणाचं पोट बिघडतं?

आम्ही विद्यापीठातली नऊ पोरं-पोरी, एनएसएसमुळं ओळख झालेली. जुन्या मोंढ्याकडं एक धान्य बँक चालायची, एक रिटायर गुरुजी आणि चार-पाच आडतवाले मिळून चालवायचे, लॉकडाऊनमध्ये आमच्यातल्या दोघांनी तिथं किट भरायला मदत केलेली. आम्ही गेलो. गुरुजींचं गोडाऊन म्हणजे एका आडतीच्या मागची खोली, बारदानाचा वास, भिंतीला लावलेले धान्याचे कट्टे, म्हणजे पोती, आणि एक जुना तराजू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धान्य मी देतो, खाणारे तुम्ही आणा." आम्हाला वाटलं हे तर सोपंय.

मग आम्ही जे केलं ते आज आठवलं तरी लाज वाटते. गूगल फॉर्म काढला. त्यात वडिलांचं उत्पन्न विचारलं! बॅनर छापलं. ५ किलो गहू, २ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ असं किट बांधलं, रविवारी वाटप, फोटो, फोटो ग्रुपवर. रिपोर्टला लागतात ना फोटो. पहिल्या रविवारी ४२ जण आले. दुसऱ्या रविवारी ११.

आम्ही नऊ शहाणे चर्चा करत बसलो की पोरांना गरज नसेल, काहीजण बहुतेक गावी गेले असतील, वगैरे. शेवटी तो पोट बिघडणारा पोरगा मला जिन्यात गाठून म्हणाला, "दादा, माझा फोटो माझ्या मामानं बघितला. आणि दुसरं म्हणजे मी गहू कच्चा खाऊ काय?"

बरोबर होतं त्याचं. आमच्यातल्या निम्म्या रूमवर गॅस चालत नव्हता, हॉटप्लेट दिसली की घरमालकीण लाईटबिलाचं भांडण काढायची. मिळालेलं किट काहींनी किराणा दुकानात निम्म्या भावानं विकलं होतं आणि त्या पैशात वडापाव खाल्ले. आम्ही नऊ जण एमएस्सी, एमए, एकजण तर एमएसडब्ल्यू करणारा, आणि गव्हाची पोळी कुठं होणार हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

औरंगाबादला (तेव्हा नाव औरंगाबादच होतं) २०१५ पासून रोटी बँक आहे, तिथं लोक घरून पोळी-भाजी आणून देतात आणि ज्याला हवी तो घेऊन जातो, शिजवलेलंच येतं आणि शिजवलेलंच जातं. ते त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं.

मधे रेशनचंही एक करून बघितलं. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, आणि त्या काळात कोरोनामुळं वर आणखी ५ किलो फुकट चालू होतं. कार्ड गावचं असलं तरी आता कुठल्याही दुकानात चालतं, कार्डात नाव असलेल्या आणि आधार जोडलेल्या कुणीही मशीनवर अंगठा द्यायचा, घरच्यांनी थोडं गावात उचललं आणि आपण आपलं इथं उचललं तरी चालतं. कागदावर सगळं बरोबर. आम्ही सहा जण गेलो. एका दुकानदारानं आमच्या लोकांपुरतंच आलंय म्हणून परत पाठवलं, दुसरीकडं मशीनला रेंज नव्हती, तिसऱ्या चकरेत चौघांना मिळालं. दोघांची नावं कार्डातच नव्हती, एकाचं तर मोठ्या भावाच्या लग्नानंतर कार्ड वेगळं काढताना गळलं आणि त्याला ते त्या दिवशी कळलं. आणि ५ किलो म्हणजे किती? आमच्याकडच्या भाकरीला शंभरेक ग्रॅम पीठ जातं, म्हणजे पन्नास भाकरी, वेळेला दोन धरल्या तर बारा-तेरा दिवस. तरण्या पोराला दोन पुरत नाहीत ती गोष्ट वेगळी.

आजीला फोनवर हे सांगत होतो तर ती म्हणे, "आरं बहात्तरच्या दुकाळात आम्ही मिलो ज्वारी खाल्ली, लाल, डुकरं खातेत तसली. सुकडी खाल्ली. पर कामावर समद्यांला एकाच टोपल्यातून भेटायची, त्याच्यात कसली लाज." नंतर अर्धा तास मिलोच्या भाकरीला कशा चिरा पडायच्या ते ऐकवलं. मला त्यातलं 'एकाच टोपल्यातून' तेवढं लक्षात राहिलं.

कारण आमची पोरं एका ठिकाणी बिनधास्त जेवत होती ना. लंगरमध्ये. गुरुद्वाऱ्यात जायचं, डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं, शेजारी पंजाबहून आलेले म्हातारे सरदारजी, पलीकडं एखादा व्यापारी, सगळ्यांच्या ताटात तीच दाल. कोण, कुठला, उत्पन्न किती, कुणी विचारत नाही. पण विद्यापीठाच्या बाजूनं, विष्णुपुरीकडून, रोज शहरात जायचं म्हणजे ऑटोचे पैसे आणि अख्खी दुपार.

मार्ग निघाला तो मेसवाल्या मावशींमुळं. त्यांची मेस कोरोनात अर्धी रिकामी झालेली. आम्ही विचारलं, धान्य आम्ही दिलं तर महिन्याचे किती घ्याल? आम्हाला वाटलं दोन हजाराचे हजार तरी होतील. मावशींनी बोटांवर मोजून दाखवलं की एका पोराला महिन्याला लागणार दहा किलो ज्वारी, म्हणजे फार तर अडीचशे-तीनशे रुपये. "बाकी गॅस हाय, भाजी हाय, तेल हाय, माझी मजुरी हाय. ज्वारी तर सगळ्यात सस्ती." कमर्शियल सिलेंडर त्या नोव्हेंबरात दोन हजाराच्या आसपास गेलेलं. म्हणजे आम्ही जे धान्य धान्य करत होतो तो खर्चाचा सगळ्यात छोटा तुकडा होता.

मग बसून ठरलं. धान्य बँक ज्वारी, तूरडाळ आणि तेलाचे डबे देणार. संध्याकाळी भाजी नाही, भाकरी आणि पिठलं किंवा चटणी. दळण आणायचं, भाजी निवडायची, भांडी घासायची हे पोरांनी पाळीनं. असं करून नऊशेवर आलं. आणि नऊशेतले कोण किती देणार हे फक्त मावशींच्या वहीत, आम्हा नऊ जणांनासुद्धा दाखवायची नाही, कमी पडेल ते गुरुजी आणि मावशी बघून घेतील. ही अट मावशींनीच घातली. फॉर्म नाही, फोटो नाही. एनएसएसच्या रिपोर्टमध्ये मग आम्ही मावशींच्या अंगणाचा फोटो टाकला, त्यात एक शेळी आहे.

डिसेंबरपासून ३१ जण जेवायला लागले. त्यात पैसे भरू शकणारेही होते, तेही त्याच पंगतीत, त्यामुळं कोण कसला ते कळायचंच नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जानेवारीत आलेल्या ज्वारीला सोंडे निघाले. आम्ही हुशारी करून चार कट्टे माझ्या रूमवर ठेवले होते, खाली विटा न लावता, भिंतीला चिकटवून. ओल धरली. कट्ट्याचं तोंड सोडलं तर आतून गरम वाफ आली आणि ते बारके काळे किडे माझ्या हातावर चढायला लागले. कुणीतरी म्हणालं किडे मारायच्या गोळ्या टाकू, गुरुजी फोनवर असे ओरडले की बस, खायच्या धान्यात आणि माणसं झोपतात त्या खोलीत तसल्या गोळ्या ठेवल्यानं लोक मेलेत म्हणाले. मग दोन दिवस गच्चीवर वाळवण, चाळणीनं चाळणं, कडुलिंबाचा पाला घालून परत भरणं. पारवे हाकायला एकजण काठी घेऊन नेटसेटचा अभ्यास करत बसलेला. अर्धा कट्टा गेला तरी. मावशी ती ज्वारी हातात घेऊन म्हणाल्या, "एवढे शिकलेत अन् कणगी कधी बघितली नाही का रे घरी?" बघितली होती. आत कधी हात घातला नव्हता.

मार्चपर्यंत अठरा कट्टे ज्वारी गेली. काही पोरांच्या घरून मोटरसायकलवर पायली-दोन पायली यायची, तीही त्याच पिंपात ओतायची, कुणाची कोणती ते नाही. आमच्या गावाकडं सप्त्याला घराघरातून भाकरी गोळा होतात आणि सगळं गाव एकत्र जेवतं, तसंच काहीसं, फक्त कीर्तनाऐवजी एमपीएससीचे क्लास.

एप्रिलमध्ये संप मिटला, गाड्या हळूहळू सुरू झाल्या. कंधारची पहिली गाडी आली त्या दिवशी मी उगीच स्टँडवर गेलो. ड्रायव्हरमामा तेच होते, बारीक झालेले. पाच महिने पगार नव्हता त्यांनाही. मला बघून काकाच्या नावानं हाक मारली आणि डबा पुढं केला. मी विचारलं, मामा जेवलात का, तर म्हणाले उतरल्यावर बघू. आम्ही दोघं स्टँडच्या मागच्या चहाच्या टपरीवर बसून तो डबा खाल्ला, मायनं तीनच भाकरी दिल्या होत्या.

मावशींची मेस चालूच आहे. परवा त्यांचा फोन आला होता, यावर्षी किती पोरं येतील विचारत होत्या, आणि म्हणाल्या गुरुजींना सांग पिंप रिकामं आहे, सोंडे लागलेली नको.