आमची वाटचाल : आर्काइव्ह लॉग नसतानाही

नारायण पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर दोन टेबलं टाकून आम्ही दोघा भागीदारांनी ओरॅकल डेटाबेसच्या देखभालीची कामं घ्यायला सुरुवात केली. भागीदार गिऱ्हाईक आणायचा, मी सर्व्हर बघायचो. पहिली वर्षं बरी गेली. २०११ साली भागीदार हिंजवडीच्या एका मोठ्या कन्सल्टन्सीत गेला आणि जाताना आमच्या बहुतेक एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार, घेऊन गेला. करार त्याच्या सहीचे होते. वाड्याचं भाडं थकलं, पोरांचे पगार थकले. भागीदारी करणाऱ्यांनी एवढं ऐकावं : एएमसीच्या कागदावर दोघांच्या सह्या हव्यातच.

गेलेल्या गिऱ्हाइकांत भोसरीचे दादाही होते. त्यांचं मशीन शॉप, गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट जातात. लिनक्सवर ओरॅकलची १०जी आवृत्ती, आणि डेटाबेस नोआर्काइव्हलॉग मोडमध्ये. म्हणजे रीडू लॉग, डेटातल्या बदलांची नोंद, भरला की जपून न ठेवता त्यावरच पुन्हा लिहिलं जातं. मोड बदला म्हणून मी आधीपासून सांगत होतो, पण डिस्क वाढवायचा खर्च पुढे ढकलला जायचा.

एके दिवशी एका डेटाफाइलवर, म्हणजे डेटाबेसचा डेटा असलेल्या एका फाइलवर, रीड एरर आली. खरं तर केबल सैल होती, डिस्क ठणठणीत होती. पण कन्सल्टन्सीच्या इंजिनिअरने ती फाइल ऑफलाइन ड्रॉप केली, म्हणजे डिस्कवर तशीच ठेवून डेटाबेसच्या वापरातून काढली, डेटाबेस उघडून दिला आणि निघून गेला. त्या फाइलमध्ये तोवरची डिस्पॅच चलनं होती, म्हणून रोजचं काम अडलं नाही. महिनाअखेरीला चलनं जुळवायला घेतली तेव्हा बोंब झाली. फाइल ऑनलाइन करायला गेले तर ओआरए-०१११३ ही एरर, मीडिया रिकव्हरी मागतोय, म्हणजे मागे पडलेली फाइल आधी रीडू लावून बाकीच्यांच्या बरोबरीला आणा. रिकव्हरीला लागणारा रीडू तर कधीच ओव्हरराइट झालेला. रीडू लॉगचे तीन ग्रुप, ५० एमबीचे, ते किती टिकणार? कन्सल्टन्सीने लेखी कळवलं की डेटा गेला, जुन्या एक्सपोर्टवरून पुन्हा भरा.

दादांनी मला बोलावलं. मी आधी डेटाबेस बंद करून सगळ्या फाइलींची लिनक्सच्या डीडी कमांडने कॉपी घेतली. हे न करता जो फाइलला हात लावतो त्याने हा धंदा करू नये. मग डेटाबेस न उघडता नुसता माउंट करून व्ही-डॉलर रिकव्हर-फाइलमधला चेंज नंबर (फाइल कुठल्या बदलापर्यंत ताजी आहे तो आकडा) व्ही-डॉलर लॉगमधल्या सर्वांत जुन्या फर्स्ट चेंजशी, म्हणजे शिल्लक रीडूतल्या पहिल्या बदलाच्या आकड्याशी, ताडून पाहिला. तो त्याच्या पुढे असता तर साध्या रिकव्हर डेटाफाइलने काम झालं असतं. इथे तो खूप मागे होता.

म्हणून बीबीएड, डेटाफाइलचे ब्लॉक थेट बदलणारं ओरॅकलचं अंतर्गत हत्यार. १०जीमध्ये ते मेक चालवून स्वतः लिंक करून घ्यावं लागे. ११जीपासून त्याच्या फाइली इन्स्टॉलेशनमध्ये येणंच बंद झालं. ओरॅकल त्याला सपोर्ट देत नाही, हे मी दादांना आधी सांगितलं आणि तसं लिहून घेतलं. फाइलच्या ब्लॉक १ मध्ये हेडर, म्हणजे फाइलची स्वतःची माहिती, असतं. त्यात ऑफसेट ४८४ ला चेकपॉइंटचा (बदल फाइलमध्ये उतरवल्याच्या खुणेचा) एससीएन, म्हणजे तोच चेंज नंबर, ४९२ ला वेळ, १४० आणि १४८ ला चेकपॉइंटचे काउंट. ओरॅकलला ही फाइल बाकीच्यांच्या बरोबरीची वाटावी म्हणून शेजारच्या चांगल्या फाइलवरून आकडे घेतले, इंटेलवर बाइट उलटे लिहायचे असतात ते सांभाळलं, सम अप्लाय करून ब्लॉकचा चेकसम नव्याने लिहिला. मग रिकव्हर, मग ऑनलाइन. फाइल उघडली.

इथे थांबणारे पुष्कळ पाहिलेत. ऑफलाइन ड्रॉपच्या वेळी चेकपॉइंट होत नाही, तेव्हा बफरमध्ये, म्हणजे मेमरीत, राहिलेले बदल फाइलपर्यंत पोचलेलेच नसतात. टेबल आणि इंडेक्स एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मी टेबलं लगेच एक्सपोर्ट करून नव्या डेटाबेसात भरली, इंडेक्स नव्याने बांधले, आणि दादांच्या वॉचमनच्या गेट रजिस्टरशी चलनं ताडली. फाइल ऑफलाइन होण्याआधीच्या शेवटच्या दिवसातली थोडी चलनं निघाली नाहीत, ती कागदावरून भरली. बाकी सगळं जागेवर.

दादांनी वर्षभराच्या एएमसीचा चेक आगाऊ दिला. त्यावर भाडं भागलं, पगार भागले. आजही खंडेनवमीला मशीनच्या पूजेचं आमंत्रण पहिलं आम्हाला येतं.

त्या कन्सल्टन्सीने मात्र हीच रिकव्हरी स्वतःच्या कामांच्या यादीत घातली. ते अजून सलतं. हेडरचे आधीचे-नंतरचे आकडे लिहिलेली माझी वही ऑफिसात आहे, दादांच्या सहीसकट. कुणाला शंका असेल तर त्याने नारायण पेठेत येऊन बघावी. आणि येण्याआधी स्वतःच्या सर्व्हरवर आर्काइव्ह लॉग लिस्ट ही कमांड चालवून मोड कुठला आहे ते पाहावं.