तुम्ही विचारलंत म्हणून: ताई, हा रंग जाईल का?

प्रदर्शनात टायटॅनियमचे डूल मांडून बसले की कुणी ना कुणी नखाने खरवडून बघतं आणि विचारतं, "ताई, हा रंग जाईल का?" "नाही जाणार" एवढं म्हटलं की विक्री होते. खरं तर मी रंग लावलेलाच नसतो.

पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की पाण्यावर रंगीत तवंग दिसतो ना, तीच गंमत. डुलावर टायटॅनियम ऑक्साइडचा, म्हणजे टायटॅनियम आणि ऑक्सिजन मिळून झालेला, पारदर्शक थर असतो. त्याच्या वरून आणि तळाशी आदळून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. कुठला रंग उठून दिसणार ते थराच्या जाडीवर ठरतं. आणि जाडी ठरते व्होल्टवर. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात डूल सोडायचा, पॉवर सप्लायचं धन टोक त्याला, ऋण टोक स्टीलच्या पट्टीला. ३० व्होल्टच्या आसपास निळा, ५५-६०ला सोनेरी, पुढे गुलाबी-जांभळा. व्होल्टमागे साधारण २ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) थर चढतो. (रबरी हातमोजे घालूनच. एवढे व्होल्ट म्हणजे खेळ नव्हे.)

मला नवल वाटतं ते थर वाढायचा थांबतो याचं. डूल ५० व्होल्टला तासभर विसरले तरी रंग फारसा पुढे सरकत नाही.

हिशेब करून बघा. १०० नॅनोमीटरच्या थरावर ५० व्होल्ट, म्हणजे मीटरला ५० कोटी व्होल्ट. हवेत मीटरला ३० लाख झाले तरी ठिणगी पडते. ऑक्साइडमधला आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, आपल्या जागेवर बसून असतो. शेजारच्या जागेत जायचं तर मधे ऊर्जेचा उंबरठा, आणि खोलीच्या तापमानाला तो सहसा ओलांडवत नाही. एवढ्या विद्युतक्षेत्रात (मीटरमागचे व्होल्ट म्हणजेच ते) मात्र पुढचा उंबरठा बुटका होतो, मागचा उंच. मग टायटॅनियमचे धन आयन बाहेर आणि ऑक्सिजनचे ऋण आयन आत असे उड्या मारत निघतात, थर दोन्ही अंगांनी वाढतो. पण तो वाढला की तेच व्होल्ट जास्त जाडीवर वाटले जातात आणि क्षेत्र उतरतं. ते निम्मं झालं तर उड्या निम्म्या नाही होत, हजारो पटींनी कमी होतात. ग्युंथरशुल्त्से आणि बेत्झ या दोघा संशोधकांनी हा घातांकी नियम १९३४ साली मांडला.

कॅब्रेरा आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली: बॅटरी नसतानाही हे चालतं. धातूतले इलेक्ट्रॉन पातळ थरातून पलीकडच्या ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि क्षेत्र आपोआप तयार होतं. म्हणून उघड्या टायटॅनियमवर हवेतही काही नॅनोमीटरचा थर चढतो. तो इतका पातळ की त्याला रंग नसतो. तेव्हा खोल ओरखडा पडला तर डूल गंजणार नाही, पण तिथे करडी रेघ दिसेल. रंग जातो तो असा.

दोन रंग हवे असतील तर मोठे व्होल्ट आधी, लहान नंतर. नेलपॉलिशने एक भाग झाकून उरलेला ६०ला सोनेरी करायचा, मग नेलपॉलिश पुसून ३०ला निळा. सोनेरी थर ३० व्होल्टना दाद देत नाही. सुरुवातीला मी उलटं केलं होतं: आधी निळा, मग ६०. अख्खा डूल सोनेरी झाला. ती जोडी अजून माझ्याच कानात असते.