‘गा बघू’ म्हणायचं नाही, या अटीवर बंगळूर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ठाण्याच्या तलावपाळीवर फेऱ्या मारताना आमच्या धाकटीने अट घातली. “येते मी. पण तिथे गेल्यावर मला ‘गा बघू’ म्हणायचं नाही. कुणासमोरच नाही.”

मी चालता चालता थांबले. गंधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाल्यावर हिने गाण्याचा क्लास सोडला, त्याला दोन वर्षं झाली. मी स्वतः त्यापुढच्या मध्यमा परीक्षेपर्यंत शिकले. पं. राम मराठे संगीत महोत्सवाला गडकरी रंगायतनमध्ये ही लहानपणी माझ्या मांडीवर झोपायची आणि समेवर बरोबर डोळे उघडायची. त्यामुळे तिची अट मनाला लागली, हे खरं. पण तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःहून ‘येते’ म्हटलं होतं, ते मला जास्त मोलाचं वाटलं. अट मान्य केली.

बंगळूरला जे. पी. नगरमध्ये ‘इंडियन म्युझिक एक्सपीरियन्स’ नावाचं संगीताचं संग्रहालय आहे. २०१९ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. ते बघायचं माझ्या मनात तेव्हापासून होतं. आम्ही पुण्याला केळकर संग्रहालयातला वाद्यांचा विभाग पाहिला होता. संग्रह अप्रतिम, पण सगळं काचेआड, आणि त्या वयातली माझी दोन्ही मुलं पंधरा मिनिटांत बाहेर येऊन उभी राहिली होती. बंगळूरला कानाला हेडफोन लावून ऐकता येतं, पडद्याला हात लावून शोधता येतं आणि बाहेरच्या बागेत चक्क वाजवताही येतं, असं कळलं तेव्हा वाटलं, हे यांना दाखवायचंच. थोरला दहावीला. तो लॅपटॉपवर बीट्स बनवतो, रात्री अकराला हेडफोन लावून एकच चार मात्रांचा तुकडा शंभरदा ऐकतो. त्यालाही काहीतरी मिळेल अशी आशा होती.

तारखा ठरवणं हेच पहिलं मोठं काम. दहावी मार्चमध्ये संपणार, धाकटीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, म्हणजे एप्रिलअखेर. संग्रहालय सोमवारी बंद. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद, आणि तिथला डोसा खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही असं यांच्या बाबांनी आधीच जाहीर केलेलं. कॅलेंडरवर सोमवार आणि शुक्रवार पेन्सिलने खोडले आणि संग्रहालयासाठी बुधवार धरला. शनिवार-रविवारी गर्दीत हेडफोनसाठी थांबावं लागलं असतं आणि या वयाची मुलं थांबायला लागली की मन उठून जातं.

विमान की गाडी, यावर दोन दिवस चर्चा चालली. बारा वर्षांवरच्या मुलांचं पूर्ण तिकीट, म्हणजे आमच्या हिशेबात चार मोठी माणसं. शेवटी गाडी ठरली, आणि तीही मुद्दाम मिरज, बेळगाव, हुबळीवरून जाणारी. सोलापूर-वाडीवरूनही बंगळूरला जाता येतं. पण मला तो दुसरा रस्ता हवा होता. का, ते पुढे येईलच.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. सकाळी आठ वाजता. आमचे साठ दिवस नेमके दहावीच्या परीक्षेत येत होते. त्या सकाळी थोरला भूमितीची प्रमेयं पुटपुटत पोहे खात होता आणि मी समोर मोबाइल घेऊन आठ वाजायची वाट बघत होते. दोन जागा पक्क्या मिळाल्या, दोन आरएसी. निघायच्या चार दिवस आधी त्याही पक्क्या झाल्या.

हॉटेलने मात्र दमवलं. आधी जे घेतलं, तिथे ‘एका खोलीत चौघं’ असं लिहिलेलं होतं. सहज फोन करून मुलांची वयं सांगितली तेव्हा कळलं की ती सवलत लहान मुलांपुरतीच, आमच्या मुलांसाठी दुसरी खोली लागेल, आणि ती खोली त्या तारखांना शिल्लकच नाही. नशिबाने पैसे परत मिळण्याची मुदत संपली नव्हती. मग जयनगरकडे मेट्रोच्या ग्रीन लाइनजवळ दोन लहान खोल्या घेतल्या. किशोरवयीन मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की बुकिंग करण्याआधी फोन करा आणि वयं स्पष्ट सांगा. मुलांची आधार कार्डं आणि शाळेची ओळखपत्रंही आधीच एका पाकिटात घालून ठेवा, हॉटेलात मागतात.

बाकीचं नियोजन मुलांवर सोपवलं. शहरातला प्रवास थोरल्याकडे, खाणं आणि पुस्तकांची दुकानं धाकटीकडे. दिवसाला एकच मोठं ठिकाण, दुपारनंतरचा वेळ मोकळा, एवढा नियम माझा. धाकटीने वहीत चार पानं भरली. थोरल्याने एक ओळ लिहिली, “ग्रीन लाइन, जे. पी. नगर, मग रिक्षा,” आणि ती पुरेशी निघाली.

रात्री कल्याणहून गाडी पकडली. पहाटे मिरज येणार म्हणून मला झोप लागली नाही. मिरज म्हणजे तंबोऱ्याचं गाव. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तिथे एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला लागले आणि आजही सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत ठेवलेले दिसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे वाद्याच्या पोकळ तळासाठी आणतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. विष्णू दिगंबर पलुस्कर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे धाकटीच्या प्रवेशिकेच्या प्रमाणपत्राचं मूळही इथलंच. हे सगळं सांगायला मी तिला हलवलं. तिने चादर डोक्यावर ओढली. मी एकटीच प्लॅटफॉर्मवर उतरून चहा घेतला.

उजाडल्यावर गोष्ट वेगळी झाली. बेळगाव मागे पडल्यावर मी धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीच्या गायिका गंगूबाई हनगल असं सुरू केलं, तेव्हा थोरल्याचं लक्ष बाहेर होतं. मग मी भीमसेन जोशींची गोष्ट काढली. गदगचा अकरा वर्षांचा मुलगा. दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकतो आणि १९३३ मध्ये गुरू शोधायला घरातून पळून जातो. खिशात पैसे नाहीत, गाडीत तिकीट नाही, डब्यात गाणी म्हणत जातो.

“विदाउट तिकीट?” थोरला एकदम वळला. “आणि त्याच्या घरचे?”

“शोधत होते. फिरून फिरून शेवटी त्याला गुरू मिळाले ते घराजवळच, कुंदगोळला. सवाई गंधर्व. स्वतः खाँसाहेबांचे शिष्य. हुबळी सुटली की कुंदगोळ येईल.”

कुंदगोळचं छोटं स्टेशन खिडकीतून सर्रकन गेलं तेव्हा दोघांनी मान वळवून पाहिलं. मी मिरजेवरून जाणारा रस्ता याच्यासाठीच धरला होता.

बुधवारी सकाळी संग्रहालयात शिरलो. आत गेल्यावर चौघांनी वेगळं व्हायचं आणि दोन तासांनी वाद्यांच्या दालनात भेटायचं, हे आधीच ठरलं होतं. ही कल्पना यांच्या बाबांची, आणि सगळ्या सहलीतली ती सर्वांत शहाणपणाची ठरली. मी बरोबर असते तर दर पाटीपाशी काहीतरी सांगितलं असतं.

हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीत, लोकसंगीत, स्वातंत्र्यलढ्यातली गाणी, सिनेसंगीत आणि आजच्या मुलांचे बँड, सगळ्यांना एका छताखाली जागा आहे. थोरला आजच्या संगीतापासून सुरू करून उलटा मागे येत होता. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाच्या दालनात आमची गाठ पडली. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग आले आणि त्यांनी गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तिथून आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाची कथा सुरू होते. मायक्रोफोन नाही. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि तीनेक मिनिटांत राग आटोपायचा, कारण तबकडीवर तेवढीच जागा. आणि शेवटी गायिका इंग्रजीत सांगते, माय नेम इज गौहर जान. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या लोकांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून.

थोरल्याने हेडफोन काढला. “आई, हा तर प्रोड्यूसर टॅग आहे!”

मला तो शब्द माहीत नव्हता. त्याने समजावून सांगितलं की आजचे बीट बनवणारे गाण्यात आपल्या नावाचा एक आवाज टाकतात, म्हणजे कुठेही वाजलं तरी कुणाचं ते कळतं. मग स्वतःशीच म्हणाला, “तीन मिनिटांत सगळं बसवायचं आणि एडिट नाही. एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.” भीमसेनजींनी दुकानात ऐकलेली तबकडीही अशीच तीन मिनिटांची होती, हे त्याचं त्यालाच आठवलं.

वाद्यांच्या दालनात शंभरावर वाद्यं आहेत. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले, तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तार, फुंक, चामडं आणि ठोका. मी ते मनातल्या मनात लावत होते, तेवढ्यात धाकटीचा आवाज आला. तंबोऱ्यापाशी ती भावाला सांगत होती, “ही तारांखालची घोडी सपाट नसते. हिच्यावर तार आणि मध्ये दोरा. दोरा केसभर सरकवला की आवाज उघडतो, त्याला जवारी म्हणतात. जवारी नसेल तर नुसतं टण्ण वाजतं.” त्याने विचारलं, “म्हणजे फिल्टर?” ती म्हणाली, “उलटं. आत आधीच असलेले स्वर बाहेर येतात.”

गाण्याच्या बाईंनी शिकवलेलं होतं ते. दोन वर्षांत विसरलेली नव्हती. मी खांबाआड उभी राहिले आणि पुढे गेलेच नाही.

बाहेरची ध्वनिबाग आमची सगळ्यांची आवडती जागा झाली. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलच्या स्वरम् या संस्थेने तिथली वाद्यं घडवली आहेत. ठोकायच्या पट्ट्या, घंटा, नळ्या, दगड. थोरला विताने पट्ट्या मोजत बसला. तारेची लांबी निम्मी केली की वरचा सा मिळतो हे त्याला ठाऊक होतं, पण इथे हिशेब जुळेना. एकसारख्या जाडीच्या पट्टीत स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो, त्यामुळे वरच्या सा साठी पट्टी सुमारे ७० टक्के लांबीची पुरते. हे त्याने मोबाइलवर शोधून काढलं आणि मग सगळ्या पट्ट्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. भूमितीच्या पेपरलाही त्याच्या चेहऱ्यावर एवढी एकाग्रता मी पाहिली नव्हती.

तिथे एक दगड आहे, डोकं आत जाईल एवढी पोकळी असलेला. आत डोकं घालून गुणगुणायचं. स्वर बरोबर लागला की दगड घुमतो आणि ती थरथर कवटीतून खाली छातीपर्यंत येते. आधी बाबांनी करून पाहिलं, मग मी. मग धाकटी वाकली. बाहेर अगदी अंधुक ऐकू येत होतं. ती खालून वर स्वर शोधत गेली, एका जागी थांबली आणि तो सा तिने धरून ठेवला. श्वास घेतला, पुन्हा तोच सा. किती वेळ ते मी मोजलं नाही. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले, एप्रिलअखेरीला बंगळूरला असा पाऊस येतो. बाबा मला आत चला म्हणून खुणावत होते. मी हलले नाही आणि बोललेही नाही. डोकं बाहेर काढल्यावर केस सारखे करत ती म्हणाली, “पेटीच्या काळी चारला घुमतो बरं का तो.” मी म्हटलं, “हो का?”

बाकीचे दिवस छान गेले. लालबागेतल्या कोट्यवधी वर्षं जुन्या खडकावर चढलो, १८८९ चं काचघर पाहिलं. यंत्रांच्या आणि विज्ञानाच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयातून थोरल्याला ओढून बाहेर काढावं लागलं. चर्च स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांत धाकटीची अख्खी दुपार गेली. विद्यार्थी भवनात रांगेत पाऊण तास उभं राहून खाल्लेला डोसा, लोण्याने चमकणारा, बाहेर कुरकुरीत आणि आत मऊ. बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. १९४३ पासून लोक त्यासाठी उभे राहतात ते उगीच नाही.

परतीला सकाळी निघालो. हुबळीनंतर डब्यात सगळे पेंगले होते. रात्री मिरज आलं तेव्हा मी बाटली भरायला उठले, तर धाकटी आधीच चप्पल घालून दारापाशी उभी.

प्लॅटफॉर्मवर उतरून तिने इकडेतिकडे पाहिलं. “ती सतारमेकर गल्ली स्टेशनपासून लांब आहे?”

“रिक्षाने जाता येतं.”

“दिवाळीच्या सुट्टीत उतरू या इथे. भोपळे वाळत घातलेले बघायचेत मला.” थोडं थांबून म्हणाली, “अट तीच.”

“तीच,” मी म्हटलं. गाडीने शिट्टी दिली आणि आम्ही दोघी चढलो.